रोपवाटिकेच्या वहीतला तुटवडा

अन्नाचा तुटवडा म्हटला की महाराष्ट्रात अजूनही १९७२ चा दुष्काळ, रेशनच्या दुकानापुढची रांग आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी आठवते. त्या तुटवड्याचे कारण उघड होते: पाऊस पडला नाही, पिकले नाही, म्हणून ताटात आले नाही. अलीकडच्या काळात दुकानांत आणि हॉटेलांत जो तुटवडा वरचेवर जाणवतो त्याची जात मात्र निराळी आहे. तो वर्षभर टिकत नाही, सगळ्या अन्नाला लागत नाही आणि देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या आकड्यात बहुधा दिसतही नाही. एखाद्याच जिनसाला तो सहा-आठ आठवडे गाठतो आणि ओसरला की त्याच्या पाठोपाठ त्याच जिनसाचा असा सुकाळ येतो, की माल रस्त्याच्या कडेला ओतून देण्याची पाळी येते. २०२३ च्या उन्हाळ्यापासून त्या वर्षीच्या गणेशोत्सवापर्यंत टोमॅटोने हा फेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण केला, आणि म्हणूनच बाजारातील तुटवडा नेमका कोठे तयार होतो हे समजून घेण्यासाठी तो कालखंड तपासण्याजोगा आहे.

भारतात वर्षाला सुमारे २ कोटी टन टोमॅटो पिकतो. २०२२-२३ या वर्षीही देशाचे एकूण उत्पादन याच पातळीवर होते. तरीही जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांतून किरकोळ भाव किलोला १५० रुपयांवर गेला, काही ठिकाणी त्याने २०० चाही टप्पा ओलांडला, आणि त्या महिन्यात टोमॅटोची वार्षिक भाववाढ २०० टक्क्यांहून अधिक नोंदली गेली. वर्षाच्या बेरजेत पुरेसे असलेले पीक एका महिन्याच्या ताटात अपुरे का पडते, याचे उत्तर पिकाच्या पंचांगात आहे.

नव्वद दिवसांचे अंतर

टोमॅटोचे बी थेट शेतात पडत नाही. रोपवाटिकेत प्लॅस्टिकच्या ट्रेमधील छोट्या कप्प्यांत, नारळाच्या काथ्यापासून केलेल्या कोकोपीटमध्ये ते रुजवले जाते आणि तीन-चार आठवड्यांनी रोप लागवडीला येते. लागवडीनंतर बांबू आणि तार लावून झाडे बांधली जातात, आणि साधारण साठ ते सत्तर दिवसांनी पहिला तोडा, म्हणजे फळांची पहिली काढणी, सुरू होतो. झाड निरोगी राहिले तर त्यानंतर दीड-दोन महिने ठरावीक दिवसांच्या अंतराने तोडे चालू राहतात. याचा अर्थ असा, की शेतकऱ्याने आज भाव पाहून टोमॅटो लावायचा निर्णय घेतला तर त्या निर्णयाचे फळ बाजारात यायला तीन महिने लागतात. भावाची बातमी फोनवरून काही मिनिटांत गावोगाव पोहोचते, पण त्या बातमीला झाडाने दिलेले उत्तर यायला नव्वद दिवस जातात.

अर्थशास्त्रात या विसंगतीला ‘कोळिष्टक सिद्धांत’ म्हणतात. निकोलस काल्डोर यांनी १९३४ साली या प्रक्रियेला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले आणि मोर्डेकाय इझिकील यांनी १९३८ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. भाव चढला की सगळे एकदम लावतात, माल एकदम येतो, भाव कोसळतो. कोसळलेला भाव पाहून सगळे एकदम हात आखडतात, माल आटतो आणि भाव पुन्हा चढतो. मागणी आणि पुरवठ्याच्या आलेखावर या उड्या काढल्या तर कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती दिसते. ज्या पिकाचा साठा करता येतो त्याच्या बाबतीत हा झोका थोडा मंदावतो. टोमॅटो तोडल्यापासून मोजक्या दिवसांत संपवावा लागतो, त्यामुळे त्याच्या झोक्याला मध्ये अडवणारे काहीच नसते.

देशाच्या पंचांगात टोमॅटोची मोठी आवक डिसेंबर ते फेब्रुवारीत असते, तर जुलै-ऑगस्ट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे कमी उत्पादनाचे महिने मानले जातात. पावसाळ्याच्या तोंडावर बहुसंख्य राज्यांतील पीक संपलेले असते आणि देशाचे मोठे भाग मोजक्या पट्ट्यांवर विसंबतात: महाराष्ट्रात जुन्नर तालुक्यातील नारायणगाव, सातारा आणि नाशिक, कर्नाटकात कोलार, आंध्र प्रदेशात मदनपल्ली, आणि दिल्लीपुरते हिमाचल प्रदेश. या चार-पाच पट्ट्यांपैकी दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी काही बिघडले, तर उरलेल्या देशात टोमॅटो आहे की नाही या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

२०२३ मध्ये नेमके तेच झाले. मार्च ते मे या काळात आवक इतकी होती की अनेक बाजारांत शेतकऱ्याला किलोमागे दोन ते पाच रुपये मिळत होते. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही निघेना, तेव्हा कित्येकांनी पुढचे तोडे सोडून दिले, औषधफवारणी थांबवली, काहींनी उभ्या पिकात नांगर घातला, आणि ज्यांना उन्हाळी लागवड करायची होती त्यांनी दुसऱ्या पिकाचा विचार केला. जी झाडे उरली त्यांना उन्हाच्या तडाख्याने आणि रोगाने गाठले. महाराष्ट्रात मावा या किडीमार्फत पसरणाऱ्या काकडीवरील मोझॅक विषाणूने फळांचा रंग आणि आकार बिघडवला. कोलारमध्ये पांढऱ्या माशीमुळे येणाऱ्या रोगाने पीक घटवले. जूनमध्ये अरबी समुद्रातील बिपरजॉय चक्रीवादळाच्या सावटात मोसमी पाऊस लांबला, मुंबईत तो २५ जूनला पोहोचला, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचल प्रदेशातील अतिवृष्टीने रस्ते तुटून दिल्लीची वाटही अडली. यांतले प्रत्येक कारण एकेकटे दरवर्षी कोठे ना कोठे घडते. त्या वर्षी ते मे महिन्यातील मातीमोल भावाच्या पाठीवर येऊन पडले.

एका क्रेटचा हिशेब

नारायणगावचा टोमॅटो बाजार हा जुन्नर बाजार समितीचा उपबाजार आहे आणि तेथे मालाचे माप क्रेट हेच असते: जाळीदार प्लॅस्टिकचा खोका, आत सुमारे २० किलो फळ. शेतावर तोडणी करणाऱ्या बायका फळाच्या रंगावरून त्याचा मुक्काम ओळखतात. दूरच्या गाडीसाठी नुकती लाली चढलेले कडक फळ, जवळच्या बाजारासाठी पिकलेले, आणि तडकलेले किंवा डागी फळ बाजूला. बाजारात क्रेटच्या ओळी लागतात, खरेदीदार वरच्या थरावर न थांबता हात खाली घालून तळाचे फळ वर काढतो, अंगठ्याने दाबून पाहतो आणि मग भाव बोलतो. मे महिन्यात ज्या क्रेटला शंभराची नोट मिळणे मुश्किल होते, त्याच क्रेटला जुलैमध्ये दोन हजारांहून अधिक रुपये मिळाले, आणि त्या आठवड्यांत ज्यांच्या शेतात निरोगी झाडे उभी होती अशा मोजक्या शेतकऱ्यांच्या लाखो-कोटींच्या कमाईच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या. ज्यांची झाडे मे-जूनमध्येच गेली, त्यांची संख्या या बातम्यांत कोठे आली नाही.

क्रेट बाजारातून निघाल्यावर काय होते, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, घाऊक बाजारात एका क्रेटचे २,४०० रुपये पडले, म्हणजे किलोला १२० रुपये. पावसाळी फळात पाणी जास्त, साल तडकलेली, आणि रात्रभराच्या प्रवासात तळची फळे वरच्या वजनाने चेपलेली. त्यामुळे भाजीवाल्याने क्रेट उघडला तेव्हा तीन किलो माल टाकून द्यावा लागला. उरलेल्या १७ किलोंवर २,४०० रुपये वसूल करायचे म्हणजे भाडे, हमाली आणि स्वतःची मजुरी धरण्याआधीच किलोला १४१ रुपये झाले. भाव पाच रुपये असताना हीच तीन किलोंची नासाडी पंधरा रुपयांची असते आणि कोणी तिच्याकडे पाहतही नाही. भाव चढला की तीच ३६० रुपयांची होते आणि हातगाडीवाल्याची दिवसाची कमाई गिळते. म्हणून महागाईत किरकोळ विक्रेता माल कमी आणतो, गिऱ्हाईकाला निवडू देत नाही, किलोऐवजी पाव किलोचा भाव सांगतो. दुकानातील टोमॅटोचा ढीग लहान दिसतो तो काही अंशी पीक कमी म्हणून, आणि काही अंशी विक्रेत्याला मोठा ढीग परवडत नाही म्हणून.

ग्राहकाच्या रुपयातील शेतकऱ्याचा वाटा किती, याचा अभ्यास रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आहे: टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६, बटाट्यात ३७. उरलेले सदुसष्ट पैसे मधल्या दलालाने खाल्ले असा निष्कर्ष काढणे सोपे, पण अपुरे ठरते. त्यात वाहतूक, चढउतार, बाजारातील आकार, प्रत्येक टप्प्यावरचा नफा आणि वर दाखवलेली नासाडी हे सगळे आहे. महाराष्ट्राने २०१६ साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला. ते पाऊल शेतकऱ्याच्या पट्टीतील, म्हणजे त्याच्या हाती पडणाऱ्या हिशेबाच्या कागदातील, एक कपात दूर करणारे होते. चेपलेल्या फळाचा तोटा त्याने दूर होत नाही.

बर्गरमधली चकती आणि रश्शातला आंबटपणा

हॉटेलांच्या बाबतीत या तुटवड्याने एक उलटी गोष्ट दाखवली. ज्यांची पुरवठासाखळी सर्वांत आधुनिक, ज्यांच्याकडे करारबद्ध पुरवठादार, थंड गाड्या आणि तपासणीचे कागद होते, त्यांचाच टोमॅटो आधी संपला. ७ जुलै २०२३ रोजी उत्तर भारतातील मॅकडॉनल्ड्सच्या दुकानांत अशी सूचना लागली, की दर्जाच्या कसोटीला उतरणारा टोमॅटो पुरेसा मिळत नसल्याने काही काळ पदार्थ त्याविना दिले जातील. पश्चिम आणि दक्षिण भारतात ही साखळी चालवणाऱ्या कंपनीनेही आपल्या काही दुकानांत हीच अडचण असल्याचे मान्य केले, आणि ऑगस्टमध्ये बर्गर किंगने, टोमॅटो जणू सुटीवर गेला आहे अशा आशयाची सूचना लावली.

यामागचे कारण केवळ भावात नाही. बर्गरमध्ये टोमॅटो कच्च्या चकतीच्या रूपात जातो. ती चकती ठरावीक व्यासाची, ठरावीक जाडीची, पाणी न सोडणारी आणि डाग नसलेली असावी लागते, आणि देशभरातील प्रत्येक दुकानात ती तशीच असावी हेच साखळी-उपाहारगृहाचे वचन असते. पावसाळ्यातील तडकलेले, मऊ फळ या कसोटीला उतरत नाही. त्यातून पदार्थाचा भाव फलकावर छापलेला, म्हणून तो रोज बदलता येत नाही, आणि चकतीच्या जागी दुसरे काही चालत नाही. एकसारखेपणा ही जी साखळीची ताकद, तीच अशा वेळी तिचा अडसर होते.

खानावळीचे तसे नसते. तिचा मालक पहाटे मंडईत जातो, त्या दिवशी जे परवडते ते घेतो आणि भाजी काय ते मग ठरते. मराठी स्वयंपाकात रश्शाला अंग येते ते कांदा-खोबऱ्याच्या वाटणाने, आंबटपणासाठी चिंच, आमसूल आणि दही ही जुनी मंडळी हजर असतात. टोमॅटो हा अमेरिका खंडातून आलेला पाहुणा भारतीय स्वयंपाकघरात रुळला तो तुलनेने अलीकडे, त्यामुळे त्याच्यावाचून अडणारे पदार्थ कमी आहेत. पावभाजीच्या तव्यावर टोमॅटो कमी आणि बटाटा जास्त होतो, कोशिंबिरीत काकडी वाढते, टोमॅटो ऑम्लेट फळ्यावरून पुसले जाते. हीच लवचीकता कांदा महागल्यावर दिसते: ताटाबरोबर फुकट येणाऱ्या कांद्याच्या जागी बारीक चिरलेला कोबी येतो आणि भिंतीवर ‘जादा कांदा मागू नये’ अशी पाटी लागते. मात्र या लवचीकतेचीही किंमत असते. ती फलकावर लिहिली जात नाही, ताटात हळूच कमी झालेल्या मापातून आणि मालकाच्या घटलेल्या गल्ल्यातून ती चुकवली जाते.

उशिरा पोहोचणारा उपाय

केंद्र सरकारने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातील बाजारांतून टोमॅटो विकत घेऊन मोठ्या शहरांत सवलतीने विकायला सुरुवात केली. विक्रीचा भाव १४ जुलैला किलोला ९० रुपये होता. १६ जुलैला तो ८०, २० जुलैला ७०, १५ ऑगस्टला ५० आणि २० ऑगस्टला ४० रुपये झाला. १० ऑगस्टला नेपाळमधून आयातीची घोषणा झाली. या उपायांनी शहरी ग्राहकाला दिलासा मिळाला हे खरे. पण या तारखांकडे शेताच्या बाजूने पाहिले तर दुसरेच चित्र दिसते. जूनअखेर आणि जुलैत चढा भाव पाहून ज्यांनी रोपे लावली होती, त्यांची झाडे ऑगस्टअखेर फळावर येणार होती, आणि सरकारी टोमॅटो ४० रुपयांवर आला तेव्हा तो माल वाटेवरच होता. सप्टेंबरमध्ये तो आला. पिंपळगाव बसवंत आणि नारायणगाव येथे भाव किलोला तीन ते पाच रुपयांपर्यंत घसरला. दोन महिन्यांपूर्वी दोन हजारांना गेलेला क्रेट शंभराच्या घरात आला आणि शेतकऱ्यांनी पुन्हा माल ओतून दिला.

या टप्प्यावर शीतगृहांचा आणि प्रक्रिया-उद्योगाचा उपाय हमखास सुचवला जातो. तो निरर्थक नाही, पण त्याच्या मर्यादा ध्यानात घ्यायला हव्यात. टोमॅटो हे थंडी न सोसणारे फळ आहे. दहा अंशांच्या बरेच खाली ठेवले तर त्याचा पोत आणि चव बिघडते, आणि योग्य तापमानातही ते दोन-तीन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. प्रक्रियेसाठी घट्ट गराचे, कमी पाण्याचे वाण लागतात, तर बाजारासाठी लावलेले संकरित वाण प्रवास आणि दिसणे यांसाठी निवडलेले असतात. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांच्या भावातील चढउतार आवरण्यासाठी ‘ऑपरेशन ग्रीन्स’ ही ५०० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली होती. पाच वर्षांनी आलेल्या या तुटवड्याने दाखवले की झोका तेवढाच मोठा राहिला आहे.

थांबू शकणाऱ्या कांद्याची शिक्षा

टोमॅटोला साठवण नाही म्हणून तो झोके घेतो असे म्हटले, तर साठवण असलेल्या कांद्याचे तरी काय झाले, हे पाहणे आवश्यक ठरते. देशातील कांद्यापैकी सुमारे ७० टक्के कांदा रब्बी, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत उन्हाळ कांदा असतो. तो मार्च ते मे या काळात निघतो आणि कांदाचाळीत, म्हणजे खालून आणि बाजूंनी वारा खेळेल अशा जाळीच्या निवाऱ्यात, चार-सहा महिने ठेवला जातो. या काळात वजन घटते, काही कांदा सडतो, काहीला कोंब फुटतात. ही घट सोसून शेतकरी देशाचा पावसाळा सांभाळतो, कारण खरिपाचा नवा कांदा ऑक्टोबरच्या सुमारास येईपर्यंत ताटातील कांदा याच चाळींतून येतो.

टोमॅटोचा सरकारी भाव ४० वर येण्याच्या आदल्याच दिवशी, १९ ऑगस्ट २०२३ रोजी, कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागू झाले. जुलैची किरकोळ महागाई ७.४४ टक्के निघाली होती आणि टोमॅटोनंतर कांदा चढेल ही धास्ती त्यामागे होती. २१ ऑगस्टपासून नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. त्यानंतर ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य, म्हणजे ज्याखाली निर्यात करता येत नाही असा भाव, ठरवला गेला, ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली आणि शेवटचे शुल्क १ एप्रिल २०२५ ला संपले. त्याआधी २०१९ आणि २०२० मध्येही निर्यातबंदी झाली होती. २०१९ च्या बंदीनंतर दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण आता स्वयंपाक्याला कांदा न घालण्यास सांगितले आहे, असा टोला जाहीर कार्यक्रमात लगावला होता. ज्या वर्षी ऑगस्टमध्ये कांदा महाग होईल म्हणून शुल्क लागले, त्याच वर्षी फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून सर्व खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडल्याची बातमी देशभर गाजली होती.

लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र मुळात कांद्याचे कोंब रोखण्यासाठी होते. त्याला जगभर नाव मिळाले ते मात्र २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर प्रक्रिया केल्याने. एकूण असे, की साठवण तंत्राने शक्य असली तरी साठवणाऱ्याला तिचा लाभ मिळेल अशी खात्री कोणी देत नाही. भाव पडलेला असतो तेव्हा चाळीतला कांदा हा शेतकऱ्याचा तोटा असतो, आणि भाव चढला की तोच कांदा देशाची गरज ठरतो.

बातमी आधी कोठे येते

टोमॅटो आणि कांदा यांची ही तुलना एका समान धाग्याशी येऊन थांबते. दोन्ही ठिकाणी तुटवड्याची दखल तो किरकोळ भावात उतरल्यावर घेतली जाते, म्हणजे साखळीच्या अगदी शेवटच्या कडीवर; आणि तेथून उपाय सुरू होईपर्यंत शेतातील पुढचे पीक उलट्या दिशेने निघालेले असते. कांद्याच्या बाबतीत साठ्याचा अंदाज चाळींवरून तरी बांधता येतो. टोमॅटोच्या बाबतीत येणाऱ्या पिकाची सर्वांत आधीची नोंद कोठे असते, असा प्रश्न विचारला तर उत्तर बाजार समितीकडे किंवा मंत्रालयाकडे मिळत नाही. ते रोपवाटिकेच्या वहीत मिळते.

जुन्नर आणि नाशिक भागांत शेतकरी रोपांची आगाऊ नोंदणी करतो: वाण कोणते, रोपे किती, उचल कोणत्या तारखेला. या नोंदींची आठवड्याला बेरीज झाली, तर नव्वद दिवसांनंतर त्या पट्ट्यातून किती टोमॅटो निघू शकेल याचा अंदाज बांधता येईल. त्याला लागवडीनंतरची रोगाची माहिती जोडली, तर तो अंदाज आणखी पक्का होईल. वहीतील आकडा रोग आणि पाऊस ओळखत नाही, हे मान्य करूनही, नोंदणी निम्म्यावर आल्याची बातमी मे महिन्यात मिळणे आणि तुटवड्याची बातमी जुलैमध्ये मिळणे यांत दोन महिन्यांचे अंतर असू शकते. त्या अंतरात लागवड पुढे-मागे करता येते, दुसऱ्या पट्ट्यातून माल ठरवता येतो, खानावळीपासून साखळी-उपाहारगृहापर्यंत सर्वांना आपला फलक बदलायला अवधी मिळतो, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे चढ्या भावाने सगळ्यांना एकदम टोमॅटो लावायला भाग पाडण्याआधी शेजारच्याने किती लावला आहे हे शेतकऱ्याला कळते.

मातीमोल भावाने मे २०२३ मध्ये लागवडीतून हात आखडायला लावला, तेव्हा मंडया टोमॅटोने भरल्या होत्या आणि तुटवड्याचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. जुलैत मंडया रिकाम्या झाल्या तेव्हा सर्वांनी टोमॅटो कोठे गेला याची चौकशी केली. रोपवाटिकांतून त्या आठवड्यांत किती ट्रे बाहेर पडत आहेत, हे कोणी मोजले नाही.